उसनी हाक

नागपूरच्या मज्जाविज्ञान प्रयोगशाळेत डॉ. नसरीन शेख यांनी पडद्यावरची आकृती मोठी केली. समोर सुधा वैरागडे मान खाली घालून बसल्या होत्या, शेजारी त्यांचे पती मनोहरराव. पुतणीच्या साखरपुड्यात सुधाताईंचा शौचावर ताबा राहिला नव्हता. तेव्हापासून वनस्पतिशास्त्राची ही निवृत्त शिक्षिका घराबाहेरच पडली नव्हती.

“काकू, बाळंतपणातली जुनी इजा आणि मधुमेह, यानं झालंय हे. तुमचा काय दोष?” डॉ. शेख म्हणाल्या. “शौचाला आल्याचं मेंदूला कळवणाऱ्या नसा निकामी झाल्यात. आवळून धरणारे स्नायू मात्र शाबूत आहेत, व्यायामानं बळकट होतील. अडचण आहे ती वेळेवर कळण्याची.”

त्यांचे सहकारी, यंत्रतज्ज्ञ इंगोले यांनी तांदळाएवढा ताणवेधक पुढे केला. “हा आतड्याच्या टोकाशी बसेल आणि तिथला ताण वाढला की मनगटावरच्या थरथरणाऱ्या कंपपट्टीला कळवेल. आधी नुसती थरथर जाणवते. रोज तोच संकेत येत राहिला, की मेंदू त्याला शरीराचीच हाक मानतो.”

“पण मधुमेहानं काकूंचे हात बधिर आहेत,” डॉ. शेख म्हणाल्या. “मनगटावर थरथर कळणार नाही. पट्टी गळ्याजवळ त्वचेखाली बसवावी लागेल. आणखी एक शस्त्रक्रिया.”

“नको गं बाई! मला धास्तीच वाटते,” सुधाताई म्हणाल्या.

मनोहररावांनी बाही वर सारली. “मग माझ्या मनगटावर बांधा. मी सांगत जाईन हिला.”

“अहो, काहीतरीच काय!”

पण तसंच झालं. मनगट थरथरलं की ते हळूच म्हणत, “सुधा, चल.” सुधाताई रोज सकाळी चटईवर स्नायू आवळण्याचा व्यायाम करत. हळूहळू त्या बाजारात जाऊ लागल्या. हिवाळ्यात दोघं गुलाबांचं प्रदर्शन पाहायलाही गेली.

तिथे हाक आली. बायकांच्या स्वच्छतागृहापुढे भली मोठी रांग. सुधाताईंनी शांतपणे धरून ठेवलं. बाहेर येऊन पाहतात तर मनोहरराव भिंतीला पाठ लावून उभे, चेहरा पांढराफटक.

“सुधा... माझंच झालं गं.”

सुधाताईंनी अंगावरची शाल काढून त्यांच्या कमरेला गुंडाळली. “चला घरी. काही नाही होत.”

दुसऱ्या दिवशी डॉ. शेख यांनी मनोहररावांना तपासलं आणि कपाळाला हात लावला. “इंगोले, हाक कुणाच्या पोटाची, हे मेंदूला कुठे ठाऊक? काकांच्या मेंदूनं ती आपलीच मानली आणि त्यांचीच आतडी हलवली. काकूंचे स्नायू तयार होते, काकांचे नव्हते.”

“ह्यांची पट्टी काढा,” सुधाताई म्हणाल्या. “माझ्या गळ्याजवळ बसवा. उद्याच.”

“अगं, पण तुला धास्ती वाटते ना?”

“माझ्यापुरतं होतं तोवर वाटत होती.” त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला. “आणि उद्यापासून सकाळी तुमचीही चटई माझ्याशेजारी.”