चांदीचे डोहाळे

"सापडला चोर!" ओम ओरडला.

सलोनीने कोठीचं दार धाडकन उघडलं. आत त्यांचीच कुत्री, चांदी! तोंडात बोंबील!

अक्षदाताई बाळंतपणाला कुडपणला माहेरी आली होती. तिला डोहाळे लागले म्हणून आणलेला खाऊ रोज गायब व्हायचा. चोर पकडायचा विडा सलोनीनेच उचलला होता. रागाच्या भरात तिने काठी घेतली आणि चांदीच्या पाठीत हाणली. चांदी कोपऱ्यात अंग चोरून बसली.

"राखणीला जात नाय, दिवसभर लोळते!" भरतकाका गरजले. "उद्या टेम्पोतून बिरवाडीला सोडतो हिला!"

काका गेल्यावर ओम वाकला. "सलोनी, हिचे सड बघ गो! सुजलेत, गुलाबी झालेत. आधी भाकरीला तोंड लावत नव्हती, आता अधाशासारखी खाते. अक्षदाताईसारखंच!"

सलोनीचा चेहरा खर्रकन उतरला. एकीला मागेल ते ताटात आणि दुसरीला काठी!

"काकांना सांगू?" म्हणत ओम धावला आणि लगेच परत आला.

"सांगून बघितलं. म्हणाले, जंत झाले असतील!"

सकाळी दोघंही हट्टाने टेम्पोत चढली. पोलादपुरात जनावरांच्या दवाखान्याची पाटी दिसताच सलोनी किंचाळली, "काका, थांबा! उलटी होतेय!"

काकांनी करकचून ब्रेक दाबला. ओम चांदीला घेऊन थेट दवाखान्यात! मागोमाग सलोनी आणि चिडलेले काका.

डॉक्टर अनुपमांनी चांदीचं पोट हलकेच चाचपलं. "नुसत्या सडांवरून खात्री देता येत नाही हं. कधी गाभण नसतानाही असं दिसतं." त्यांनी सोनोग्राफीचं यंत्र पोटावरून फिरवलं. पडद्यावर काहीतरी लुकलुकू लागलं.

"ही पिल्लांची काळजं! छान धडधडताहेत."

"अरे देवा! आणि मी हिला सोडायला निघालो व्हतो!" काकांनी कपाळाला हात लावला.

"पाठीवर हा वळ कसला?" डॉक्टरांनी विचारलं.

सलोनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका काही बोलायच्या आत ती पुटपुटली, "मी मारलं."

"पिल्लं सुखरूप आहेत. पण पुन्हा कधीच नाही!"

घरी येसूबाई आजीने सलोनीची अलाबला घेतली. "केवढी हुशार हाय गो माझी पोर! चांदीला वाचवलीस!" अक्षदाताईने चांदीसाठी दूधभात कालवून सलोनीच्या हातात दिला.

सलोनीने तो चांदीपुढे ठेवला आणि कुरवाळायला हात उचलला. चांदी दचकून मागे सरली. सगळे अजून कौतुकच करत होते! सलोनीने हात पाठीमागे घेतला आणि चांदीला भीती वाटणार नाही इतक्या लांब जाऊन ती खाली मान घालून बसली.