साऱ्या बागा एका पानावर

मिठाच्या सरोवरातून जाणारा रस्ता अगदी सरळ होता. वाकडा झाला होता तो गाडीच्या खिडकीपाशी बसलेला तरुण. मान लांब करून, नाक काचेला टेकवून तो बाहेर बघत होता. त्याची बॅग घसरत घसरत शेजारी बसलेल्या सिहेमच्या मांडीवर आली होती.

"बॅगेचं वेगळं भाडं पडेल," सिहेम म्हणाली.

तो दचकला. "माफ करा हं... ते तिकडे – पाणी आहे का?"

"आहे ना. होडी सांगू तुमच्यासाठी?"

ड्रायव्हर खो खो हसला आणि त्याच्यामागून केबिलीहून तोझरला निघालेली सगळी गाडीच हसली. तरुणाचे कान लाल झाले, पण नजर हटली नाही. दूरवर चमकणारं ते निळं पाणी गाडी जवळ गेली तसं मागे सरकलं, थरथरलं आणि विरून गेलं. उरलं नुसतं पांढरं मीठ, कडेला गुलाबी झाक मारणारं.

"नाहीच आहे तर..." तो पुटपुटला. "पण किती सुंदर नाहीये!"

बहिणीकडे जाता-येता सिहेम या रस्त्यानं कितीदा गेली असेल, बहुतेक वेळा झोपूनच. आज ती त्याच्या खांद्यावरून वाकून बघू लागली... आणि आपण वाकलोय हे ध्यानात येताच घाईनं ओढणी सावरून ताठ बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खजुराच्या वखारीत आली, तर ऑफिसात तिच्या टेबलावर तीच बॅग!

"हे नौफल, स्फाक्स शहरातून आलेत," मॅनेजर लमीनसाहेब म्हणाले. "आपल्या जुन्या प्रोग्रॅममधल्या सगळ्या नोंदी काढून एक्सेलमध्ये घालून देणार आहेत. आणि नौफल, ही सिहेम. नोंदी सगळ्या हिच्या हातच्या. भांडू नका बाबांनो, गुरुवारी ट्रक निघायचाय."

"होडी मिळाली का?" सिहेमनं हळूच विचारलं.

"नाही. पण बंदर सापडलं," तो तितक्याच हळू म्हणाला.

सिहेमनं बॅग उचलून खाली ठेवली आणि घाईघाईनं कॉम्प्युटर चालू केला.

काम साधं नव्हतं. परदेशातल्या व्यापाऱ्यानं यंदा अट घातली होती. कुठली पेटी कुठल्या बागेची, मालक कोण, खजुराची जात कुठली, हे सगळं एका शीटवर हवं. नाहीतर माल बोटीवर चढणार नाही. वखारीतला जुना कॉम्प्युटर तर शेवटच्या घटका मोजत होता. त्याचा प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी कधीच दुकान गुंडाळलं होतं. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत तो एका वेळी एकच बाग दाखवी. ती मिटायची, मग दुसरी उघडायची. सिहेम वर्षानुवर्षं अशी एकेक बाग भरत आली होती, आणि सगळ्या बागा एकत्र कशा दिसतात हे तिनं कधीच पाहिलं नव्हतं.

पहिल्यांदा शीट उघडली तेव्हा मालकांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आणि टिंबं-टोपी घातलेली विचित्र अक्षरं निघाली.

"हे आमचे बागवाले की साबणाचा फेस?" सिहेम म्हणाली.

दुसऱ्यांदा नावं तशीच, आणि बागांचे नंबरही बदलले. तीन-पाच नंबरची बाग 'तीन मे' होऊन बसली.

"अरे देवा! सालेहकाकांच्या बागेला मे महिना लागला!" सिहेम पोट धरून हसली. "ऑक्टोबरात खजूर उतरवतोय आम्ही, स्फाक्सकर. मे महिन्यात काय पाला विकायचा?"

"एक्सेलला वाटतंय ही तारीख आहे," नौफल ओशाळून म्हणाला. "आकडा नाही, नुसतं नाव आहे असं समजावून सांगावं लागतं त्याला."

"मग सांगा ना समजावून. का शब्दही जपून वापरता? ऐकलंय मी, स्फाक्सची माणसं चहात साखर घालतात पण ढवळत नाहीत. पुढच्या कपाला उरावी म्हणून."

त्यानं गंभीरपणे तिच्यासमोरचा पेला उचलला, चमच्यानं खळाखळा ढवळला आणि तिच्या हातात दिला. बोटांना बोटं लागली... चहा गरम होता की आणखी काही, कोण जाणे, पण सिहेमनं पेला लगेच खाली ठेवला.

दुपारी कांदा-मसाला भरलेली भाकरी दोघांत मोडून खाताना तो सहज म्हणून गेला, "पुढच्या महिन्यात माँट्रियलला जातोय. तिथल्या कंपनीचं पत्र आलंय. फक्त हो म्हणायचंय."

"मुबारक," सिहेम म्हणाली. जरा फारच पटकन म्हणाली. उरलेली भाकरी तिनं कागदात गुंडाळून ठेवली.

त्यानंतर ती कामापुरतंच बोलली. नौफल दोनदा तिच्याकडे बघून काहीतरी म्हणायला गेला आणि दोन्ही वेळा पडद्याकडे वळला. बुधवारचं ऊन कलायला लागलं तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, "अक्षरं आत शाबूत आहेत. शीट ती परक्या लिपीत वाचतीये, एवढंच. हिला सांगूया... की ही अरबी आहे." त्यानं कुठलीशी यादी उघडली, त्यातलं एक निवडलं, आणि बटण दाबलं.

आणि नावं आली.

वरपासून खालपर्यंत, ओळीनं, एकामागून एक – हमादी, बशीर, अम्मार, झोहरा, कुणाच्या विधवेचं, कुणाच्या लेकाचं... सिहेमनं बाण खाली नेला. नावं संपेनात. नावाशेजारी बाग, बागेशेजारी पाण्याचा पाट, पाटाशेजारी खजुराची जात. तिनं एकेक करून टिपलेलं सगळं हिरवं रान तिच्यासमोर एकाच पानावर उभं राहिलं होतं. आभाळातून बघावं तसं. तिचा हात आपोआप छातीशी गेला.

"सिहेम? काही चुकलं का?" नौफल घाबरला.

"नाही..." ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "केवढं आहे हे! आपलं गाव... केवढं आहे!"

लमीनसाहेब चष्मा पुसत मागे येऊन उभे राहिले. मग खजूर निवडणाऱ्या बायकांना कुणकुण लागली. चिकट हात एप्रनला पुसत त्या ऑफिसात शिरल्या.

"मला वाचता येत नाही गं, तू बोट ठेव," म्हाताऱ्या मबरूकाबाई म्हणाल्या. सिहेमनं बोट ठेवलं. म्हातारीनं वाकून त्या ओळीला हात लावला, पोराच्या गालाला लावावा तसा. "ही आमची? इथं आहोत आम्ही? आणि हे आता समुद्रापार वाचणार?" मग तिनं खालच्या ओळीकडे संशयानं पाहिलं. "आणि हा शेजारी कोण?"

"हमादी."

"त्याला काढ तिथून! बोलत नाही आम्ही त्याच्याशी."

सगळ्या हसल्या. सिहेमही हसली, डोळे पुसत. नौफल मात्र हसला नाही. तो भिंतीला टेकून उभा होता आणि त्या बायकांकडे, त्यांच्या उजळलेल्या चेहऱ्यांकडे बघत होता... आणि मग तिच्याकडे.

गुरुवारी सकाळी ट्रक गेला. शीट आधीच पोचली होती. नौफलची गाडी संध्याकाळची होती.

"खजूर कुठून येतो ते तरी बघून जा," सिहेम त्याच्याकडे न बघता म्हणाली.

सालेहकाकांच्या बागेत उतरणी जोरात चालली होती. उंच झाडाच्या शेंड्यात काका, आणि त्यांच्याखाली बुंध्याला बिलगून एकाखाली एक माणसं, थेट जमिनीपर्यंत. काका घड कापायचे आणि तो हातोहात खाली यायचा, एकही खजूर न पडता. झावळ्यांतून गाळून आलेलं ऊन त्या मधाळ घडांतून आरपार जात होतं. नौफल आ वासून वर बघत राहिला. तेवढ्यात खालच्या माणसानं एक भलामोठा घड त्याच्याच कवेत देऊन टाकला.

"हा... कुठं ठेवू?"

"धरून उभे राहा. शोभताय," सिहेम म्हणाली.

तो तसाच उभा राहिला, हनुवटीपर्यंत खजुरात बुडून. "सिहेम, ऐक ना..." 'तुम्ही' कुठं गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. "मी त्यांना नाही म्हणून कळवलं. माँट्रियलवाल्यांना."

तिनं झटकन त्याच्याकडे पाहिलं. "माझ्यासाठी थांबू नकोस हं. पुढे जन्मभर ऐकवशील मला."

"तुझ्यासाठी नाही थांबलो. इतकी वर्षं फाईली काढून देतोय. लोक घेतात, बंद करतात. त्या म्हातारीनं काल हात लावला तसा कुणी कधी लावला नव्हता. असं काम सोडून कुठं जाऊ?" तो थांबला. घडातून एक खजूर टपकन पडला. "तुझ्यासाठी... निराळं आहे. तुझ्यासाठी मी विचारतोय. आई यायला तयार आहे तुमच्या घरी, मागणी घालायला. आणू?"

बुंध्यावरचे हात थांबले होते.

"मोठ्यानं बोल रे!" शेंड्यातून सालेहकाका ओरडले. "इथवर ऐकू येत नाही!"

सिहेमचे गाल पेटले. समोर तो, घडाआडून नुसते डोळे दिसणारा, श्वास रोखून उभा...

"आण," ती म्हणाली.

"आण म्हणाली!" खालचा माणूस वरच्याला म्हणाला. "आण म्हणाली!" त्यानं त्याच्या वरच्याला सांगितलं. घड उतरतो तसा तो शब्द तोंडातोंडानं झाडावर चढत गेला. शेवटी तो शेंड्यात पोचला.

"अरे, मग पोरीचे हात रिकामे का?" काका गरजले. "तिलाही द्या एक!"

वर सुरी चमकली. सगळ्यात मोठा घड झावळ्यांतून निघाला आणि उन्हात झळाळत एकेका हातातून खाली येऊ लागला. सिहेमनं वर पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले.