सातवी वेणी

ज्या दिवशी बातमी आली तो रविवार होता आणि मी वेण्या घालायला बसले होते.

पाच वर्षांपूर्वी एका लांबलेल्या तापानं माझे केस निम्म्यावर आणले. तेव्हापासून मी गंगावन लावून बारीक वेण्या घालते. एकूण बावीस. पंधरा पुढे आणि बाजूंना, सात मागे. कंगव्याच्या टोकानं भांग पाडायचा, आपली बट तीन भागांत वाटायची, मुळाशी गंगावनाचा झुपका मुडपून अडकवायचा आणि कमरेपर्यंत विणत न्यायचं. शेवटी टोकं उकळत्या पाण्यात बुडवायची, म्हणजे ते प्लॅस्टिकचे केस मऊ पडून एकमेकांना धरून बसतात आणि वेणी उसवत नाही. सकाळी आठला बसलं की संध्याकाळचे पाच होतात. मागच्या सात मी नेहमी शेवटी ठेवते. दिसत नाहीत, म्हणून नकोशा वाटतात.

पूर्वी मागच्याच काय, बावीसच्या बावीस माझी धाकटी बहीण घालायची. आम्ही तिला डावी म्हणायचो, कारण ती सगळं डाव्या हातानं करायची. वेणी तिला मीच शिकवली होती, समोर बसवून. आणि तिनं ती उलटी उचलली. आपण पेड वरून टाकतो, ती खालून घ्यायची. त्यामुळे तिची वेणी पाठीच्या कण्यासारखी उठून दिसायची. दात सारखे दुखायचे, म्हणून तोंडात कायम लवंग. एक वेणी संपली की जीभ टाळूला लावून 'च्' करायची आणि पुढची धरायची. प्रत्येक वेणीच्या आधी विचारायची, "ताई, घट्ट की सैल?"

लहानपणी आमची भांडणं झाली की आई म्हणायची, "बोलू नका हवं तर, पण वेण्या एकमेकींच्या घालायच्या. मला वेळ नाही." मग आम्ही न बोलता वेण्या घालायचो, आणि जिचा राग गेलेला नसेल ती समोरचीच्या वेणीचं टोक तसंच उघडं सोडायची. दुपारपर्यंत वेणी उसवायची आणि सगळ्या वर्गाला कळायचं की घरी काय चाललंय. राग गेला असेल तर टोकाला दोन वेढे आणि गाठ. हा आमचा दोघींचा कायदा होता. तो आम्ही मोठेपणीही मोडला नाही.

दोन वर्षांपूर्वी, याच स्टुलावर, ती माझ्या मागच्या वेण्या घालत असताना मी तिच्या नवऱ्याबद्दल बोलले. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. माणूस गोड बोलणारा, हळू आवाजाचा. पण ती फोनवर बोलत असली की तो पलीकडे उभा असायचा, हे मला तिच्या श्वासावरून कळायचं. मी म्हटलं, "सोड त्याला. माझ्याकडे ये. तुला कोंडून घातलंय त्यानं." तिचे हात थांबले. मानेवरची सातवी वेणी अर्धी टाकून ती उठली, चप्पल घातली आणि गेली.

त्यानंतर मी किती फोन केले असतील! प्रत्येक वेळी चष्मेवाला उचलायचा. "ती झोपलीय." "ती आंघोळीला गेलीय." मग एकदा, अगदी समजुतीच्या सुरात, "ताई, तिला नाही बोलायचं तुमच्याशी. थोडा वेळ द्या." मी वेळ दिला. मी शहाणी ना. प्रूफं तपासून पोट भरणारी बाई. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात आयुष्य गेलं, आणि समोरची चूक मला दोन वर्षं दिसली नाही.

तर त्या रविवारी पंधरा वेण्या झाल्या होत्या. दुपारचे दोन वाजले होते. फोन वाजला. चष्मेवाला.

"ताई... एक सांगायचं होतं."

"बोला."

"ती गेली."

मला वाटलं, घर सोडून गेली. खरं सांगते, क्षणभर आनंद झाला.

"कुठं गेली?"

"ताई, ती... राहिली नाही. पोटात दुखायचं. दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता."

"कधी?"

"गेल्या शनिवारी."

"काल?"

"नाही. त्याच्या आधीच्या."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी भाजी आणली होती, दोन पुस्तकांची प्रूफं संपवली होती, एका लग्नात जेवून आले होते.

"आणि मला आज सांगताय?"

"तिनंच सांगितलं होतं, ताई. शेवटी शेवटी. म्हणाली, ताईला कळवू नका. मला तिचं तोंड बघायचं नाही."

मी फोन ठेवला.

रडू आलं नाही. राग आला, आणि तो इतका होता की बसायला जागा पुरेना. आधी त्याच्यावर. मग दवाखान्यावर. मग तिच्यावर. तिच्यावर सगळ्यात जास्त. तोंड बघायचं नाही! ज्या तोंडात मी घास भरवला, ते तोंड बोललं हे? मी स्वयंपाकघरात गेले, ग्लास उचलला आणि तो फोडावासा वाटला म्हणून परत ठेवला. मग दुसरं काही सुचेना तेव्हा आरशासमोर येऊन बसले आणि मागचे केस सोडले. सात वेण्या राहिल्या होत्या. त्या घालायच्या होत्या. बस्स.

बाहेर ऊन होतं. समोरच्या गॅरेजमध्ये कोणीतरी पत्रा ठोकत होतं. हे सांगते अशासाठी, की अंधार नव्हता, वादळ नव्हतं, काही नव्हतं. रविवारची दुपार होती.

हात मागे नेले. पहिली बट वाटली, झुपका अडकवला. एक पेड, दुसरा पेड, आणि तिसरा बोटांनी शोधायला गेले, तर तो कुणीतरी धरून माझ्या बोटांत दिला.

मी थांबले. हात वर धरून धरून मुंग्या येतात, मग कुठलं बोट कुठं आहे ते कळत नाही. तसंच असेल म्हटलं. पुन्हा विणायला लागले. पेड आपोआप हातात येत होते. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, गॅरेजमधलं ठोकणं बंद झालं आहे. आणि खोलीत लवंगेचा वास आहे.

'च्.'

अगदी कानामागे.

मी मान वळवली नाही. मान वळवायची नसते वेणी घालताना, ती ओरडायची. मी फक्त समोर आरशात पाहिलं. आरशात मी होते. अर्ध्या वेण्या, लाल डोळे. माझ्या मागे रिकामी खोली, कपाट, दारावरचा टॉवेल. आणि माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते. केव्हापासून होते, मला माहीत नाही.

मागे वेणी चालूच होती.

भीती वाटली का? वाटली. मांडीवरची बोटं लाकडासारखी झाली होती. पण भीतीच्या आधी राग पोचला.

"आता आलीस?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू येईल एवढाच होता. "आठ दिवसांनी?"

केस ताणले गेले. घट्ट.

"माझं तोंड बघायचं नव्हतं ना तुला? म्हणून मागे उभी राहिलीस?"

हात थांबले. मग मानेवर, केसांच्या मुळाशी, गार श्वास लागला... एकदा... दोनदा. जसं कुणी बोलायला तोंड उघडतं आणि मिटतं.

"बोल ना."

तिनं पुढची बट उचलली.

मी तशीच बसून राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मी तिला खूप बोलले. जे दोन वर्षं बोलायचं राहिलं होतं ते सगळं. भित्री म्हटलं. कृतघ्न म्हटलं. शेवटी मला एकच विचारायचं होतं, आणि ते विचारायला जीभ वळेना. मग आठवलं, विचारायची गरज नाही. टोकं बघितली की कळेल.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. मानेवरचा हात सुटला. गॅरेजमधलं ठोकणं पुन्हा सुरू झालं.

वरच्या मजल्यावरची नर्स आली होती. टोकं पाण्यात बुडवायला मी दर वेळी तिला बोलावते, मागची मला स्वतःला जमत नाहीत. पोरगी तोंडाळ आहे. माझ्या मागच्या वेण्या बघून दर वेळी म्हणते, "काकू, पुढून राणी, मागून रानटी."

"पाणी ठेवलं का?" ती आत येत म्हणाली. "ड्यूटीवरून थेट आलेय, चहा पण लागेल. बसा, वळा तिकडे. बघू आज काय गोंधळ घातलाय."

मी वळले. तिनं एक वेणी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"काय झालं?"

"मागचं कोणाकडून करून घेतलंत?"

"का?"

"एकदम सरळ आहेत. पण उलट्या आहेत, काकू. पुढच्या सगळ्या वरून विणल्यात, या खालून. डावरं कोणी होतं का?"

"टोकं बघ," मी म्हटलं. "बांधलेली आहेत की उघडी?"

"अहो, पण..."

"बघ आधी."

तिनं एकेक वेणी उचलली. मी तिच्या बोटांबरोबर मोजत होते.

"ही बांधलेली. ही पण. दोन दोन वेढे दिलेत." तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. प्रत्येक वेळी ती म्हणाली, "बांधलेली." राग नव्हता तिचा. माझ्यावर नव्हता.

नर्सनंच पातेल्यात पाणी उकळून आणलं, सहावीचं टोक त्यात बुडवून वर काढलं, बोटानं चोळलं. "कमाल आहे. गंगावन मऊ पडलं, पण वेढे तसेच. हा दोरा नाही, काकू. खरे केस आहेत. काळेभोर. कुणाचे?"

"माझी बहीण गेली," मी म्हटलं.

तिनं पातेलं खाली ठेवलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. चांगली पोरगी आहे. मग राहिलेली वेणी उचलून म्हणाली, "सातवी राहिलीय. मानेवरची. विणलीय पूर्ण, पण टोक उघडंच आहे. बांधू?"

"नको," मी म्हटलं. "चहा घे आणि जा."

ती गेल्यावर मी चष्मेवाल्याला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला, जणू फोन हातातच धरून बसला होता.

"खरं सांगा," मी म्हटलं. "तिनं असं म्हटलं होतं?"

"ताई, मी मघाशी..."

"ती इथे येऊन गेली."

मग तो अगदी हळू म्हणाला, "म्हणूनच... इथला वास दुपारपासून थांबलाय."

"कसला वास?"

"लवंगेचा. आठ दिवस, ताई. उशीत, जेवणात, दुकानात चष्म्यांच्या खोक्यांत. दिवसरात्र मागे कुणीतरी उभं असल्यासारखं. मला वाटलं, तुम्हाला सांगितलं की..."

"की ती माझ्याकडे येईल. म्हणून फोन केलात. मला कळावं म्हणून नाही."

तो रडायला लागला. मला त्याचं काही वाटलं नाही.

"ती काय म्हणाली होती?"

"तुम्हाला बोलवा म्हणत होती. चार दिवस. रोज. मी म्हटलं, केला फोन, ताई येत नाही म्हणते. तुम्ही आला असतात तर विचारलं असतंत, दवाखान्यात आधी का नाही नेलं. मी काय सांगणार होतो?"

चार दिवस तिनं दाराकडे बघितलं असेल. आणि मी येत नाही म्हटलं, असं समजून डोळे मिटले. तरी येऊन सहा टोकं बांधून गेली.

"ताई," तो म्हणाला, "आता संपलं ना सगळं?"

"सहा टोकं बांधलेली आहेत," मी म्हटलं. "सातवं उघडं आहे."

त्याला आमचा कायदा माहीत होता. लग्न झाल्यावर तिनंच कौतुकानं सांगितला होता. त्याचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. आणि मग फोनमधून, त्याच्या अगदी मागून, अगदी जवळून आवाज आला.

'च्.'

"ताई..." त्याचा आवाज बसला होता. "ताई, बांधून टाका ना ते... तुमच्या हातात आहे... बांधून टाका..."

मी फोन ठेवला.

याला आज तीन आठवडे झाले. तो रोज फोन करतो. पहिले काही दिवस बोलायचा, आता नुसता श्वास घेतो; आणि त्या श्वासाच्या मागे, थोड्या थोड्या वेळानं, एक वेणी संपवून दुसरी धरल्याचा आवाज येतो. त्याच्या डोक्यावर तर केसही फार नाहीत. नर्स दोनदा विचारून गेली, काकू, ते एक टोक बांधून देऊ का, उसवेल. ते उसवत नाही. दोरा आरशासमोर ठेवलेला आहे, कात्रीही आहे, आणि माझा हात तिथपर्यंत सहज पोचतो.

सातवी वेणी मी अजून बांधलेली नाही.