तीन वार

"हे टोक जरा धरता का?" तिनं अंधारातच विचारलं, आणि दारातून आत आलेल्या माणसाच्या हातातला माइक पडता पडता वाचला. बिचारा रेडिओसाठी भुताचा आवाज टिपायला आला होता. भूत इतक्या अदबीनं मदत मागेल, याची त्याला कल्पना नव्हती. तिनं टॉर्च लावला तेव्हा त्याला दिसलं ते पिवळं हेल्मेट, नाकावरची धूळ आणि पुढे केलेली मोजायची टेप.

"तुमच्याही धंद्यात टेप लागते?" त्यानं विचारलं.

"लागते. पण माझी खोटं बोलत नाही."

ती इमारती तपासणारी इंजिनियर. सोबत येणारा सहकारी लिलावघराचं नाव ऐकताच पोट धरून घरी बसला होता, आणि टेप काही एकट्यानं धरता येत नाही. रेडिओवाल्यानं मुकाट्यानं टोक धरलं.

लिलावघर तीस वर्षं बंद होतं. गोल दालन, वर घुमट, फुटक्या काचांतून आत उतरलेलं चांदणं… गेली तीन वर्षं रात्री-बेरात्री तिथे आवाज यायचा — "एक… दोन…" तिसरा आकडा कधीच नाही. गावानं लगेच गोष्ट जुळवून टाकली. शेवटच्या लिलावात "एक वार, दोन वार" म्हणता म्हणता पुकारणारे गृहस्थ जागीच गेले, तिसरा वार न झाल्यानं सौदा पक्का झालाच नाही, आणि त्यांचा जीव तिथेच घुटमळतो. तिच्या कार्यालयाला वेगळीच भीती होती. भिंत सरकत असली तर इमारत पाडावी लागेल. म्हणून तिला पाठवलं होतं. त्याला मात्र सकाळी सहाच्या गाडीनं, मिळेल तो आवाज घेऊन, आपल्या शहरी परतायचं होतं.

बरोबर दहाला तो आवाज आला. अगदी कानाशी, कुणी पाठीमागे उभं असल्यासारखा. "एक…" मग थोडं थांबून, "दोन…" रेडिओवाल्यानं तिची बाही घट्ट धरली. भान आल्यावर सोडली, आणि टेपला पीळ पडलाय का ते बघत होतो, असं काहीतरी पुटपुटला. ती हसली. तिच्या लक्षात आलं, की आपलं काळीज धडधडतंय ते भुतामुळे नाही.

मग रात्र सावकाश सरत गेली. भिंत मोजून झाली, तडे मोजून झाले, एका थर्मासातला चहा एकाच झाकणातून पिऊन झाला. तो तिला त्यानं टिपलेले आवाज सांगत होता — बंद पडत आलेल्या शिलाई मशीनचा, झोपेत बोलणाऱ्या आत्याचा. तिनं तिचं सांगितलं. मोजल्याशिवाय आपण काहीच लिहीत नाही, बोलतही नाही. दोन वर्षांपूर्वी एकजण तिच्या "बघू"ची वाट बघून बघून कंटाळला आणि निघून गेला, हेही तिनं सांगून टाकलं. का, ते तिचं तिलाही कळेना.

"मग कळलं का, किती वाट बघायला लावायची ते?" त्यानं हळूच विचारलं.

"बघू," ती म्हणाली, आणि दोघं हसले. पण हसता हसता तिनं घड्याळ पाहिलं. सहा वाजायला फार वेळ उरला नव्हता. भूत सापडलं की त्याचं काम संपणार, आणि हा माणूस आवडलाय हे आपण याही वेळी सांगणार नाही, इतपत ती स्वतःला ओळखून होती.

पाचला आवाज पुन्हा आला. या वेळी ती भिंतीला कान लावून तयारच होती. भिंतीच्या कडेकडेनं ती एका झरोक्यापाशी पोचली, आणि तिनं त्याला खुणेनं बोलावलं. पलीकडे रखवालदाराची खोली होती. म्हातारे रखवालदार खुर्चीत मान मागे टाकून बसले होते, आणि त्यांची बायको औषधाची बाटली घेऊन त्यांच्यावर वाकली होती. उजव्या डोळ्यात थेंब. "एक…" डाव्या डोळ्यात. "दोन… आता मिटून ठेवा. हलू नका म्हटलं ना."

तिसरा डोळा नव्हता, म्हणून तीन नव्हतं.

तिनं वहीत लिहिलं : भिंत भक्कम. आवाजाचं कारण, शेजारचा संसार. त्याला समजावून सांगितलं, की गोल भिंतीला धरून आवाज फिरतो, कुजबुजसुद्धा पलीकडच्या टोकाला स्पष्ट पोचते. त्याला ते टिपून घ्यायचं होतं. तो समोरच्या टोकाला गेला, भिंतीकडे तोंड केलं आणि कुजबुजला, "ऐकू येतंय?"

शब्द तिच्या कानाशी श्वासासारखे आले.

"नाही," ती मोठ्यानं म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं खोटं माप दिलं होतं. "काहीतरी लांबलचक बोला."

तो पाठमोरा. मग भिंत बोलू लागली.

"लांबलचक काय बोलू… रात्रभर म्हणत होतो, भूत सापडू नये. तुम्ही टेपचं टोक हातात दिलंत ना, तेव्हापासून… जाऊ दे. ऐकू येत नाहीये तेच बरं." तो थांबला. "एक वार… मला जायचं नाहीये. दोन वार… मला खरंच जायचं नाहीये."

पुढे काही नाही. वर घुमटात एक पारवा हलला. फुटक्या काचांत उजाडू लागलं होतं, आणि तो खाली वाकून माइकची वायर गुंडाळू लागला होता. तिच्या ओठांवर सवयीनं "बघू" आलं. तिनं ते गिळलं आणि भिंतीजवळ तोंड नेलं.

"तीन वार."

त्याच्या हातातली वायर तशीच राहिली. तो वळला तेव्हा ती दालनाच्या मधोमध येऊन उभी होती, नाकावरच्या धुळीसकट, कानापर्यंत लाल झालेली. तिनं टेप पुढे केली.

"अजून घुमट मोजायचा राहिलाय," ती म्हणाली. "हे टोक धर."