युजेनियाची चव

काचघरातल्या टेबलावर पांढरी बशी होती. तिच्यात इवल्या भोपळ्यांसारखी कंगोरेदार, लालचुटूक फळं. पाहुण्यांसाठीच ठेवली असावीत, असा आत आलेल्या तरुणीचा प्रामाणिक समज झाला.

“तुम्ही ती... खाल्लीत?” दारातून एका उंच माणसाने विचारलं.

“सगळी नाही,” ती म्हणाली. मग तिने बशीकडे पाहिलं. “म्हणजे... आता सगळी.”

तो संशोधक होता. युजेनिया या प्रजातीवर ग्रंथ लिहीत होता. उष्ण प्रदेशांत ही झाडंझुडपं रानोमाळ फळतात; काचघरातलं हे झाड मात्र पहिल्यांदाच फळलं होतं. त्या फळांचं चित्र काढायला जिला बोलावलं होतं, तीच आता समोर ओठ पुसत होती.

“मला काढून टाकणार?”

“आधी सांगा,” त्याने आवाज खाली आणला, “चव कशी होती?”

“तुम्हाला ठाऊक नाही?”

“कशी असणार? नमुना खायचा नसतो.”

अर्धं आयुष्य झाडावर जीव टाकायचा आणि फळ जिभेला लावायचं नाही! असल्या माणसापासून चार हात लांब राहा, असं आई नक्की म्हणाली असती. ती दोन पावलं जवळ सरकली.

पानांआड एक हिरवं फळ उरलेलं सापडलं. ते पिकेपर्यंत ती रोज येऊ लागली.

“नवी पालवी बघा... तांब्याची झळाळी! चुरगळली की घमघमते. आणि फुलं, नुसते पांढरे केसर—”

“हं.”

“पान इकडे आहे.”

“दिसतंय मला,” ती त्याच्याकडेच बघत म्हणाली. त्याचे कान फळाच्या आधी लाल झाले.

फळ पिवळं झालं, केशरी झालं, लाल झालं. चित्र सुरेख उतरलं. आता नियमाप्रमाणे फळ बरणीत, आणि ती आपल्या घरी.

चिमट्यात फळ धरून तो उभाच राहिला.

“उद्यापासून तुम्ही...”

“काम संपलं ना.”

त्याने फळ तोंडात टाकलं.

“अहो!” ती किंचाळली. हे ‘अहो’ दोघांनाही जरा जास्तच घरगुती वाटलं.

“आंबट आहे,” तो डोळे मिटून म्हणाला. “नाही... थांबा... गोड. उद्याही या. कामासाठी नको. मला तुम्ही... फार आवडता.”

एवढं बोलून त्याने बी तळहातावर काढली. तिने ओंजळ पुढे केली.

“पेरली तर फळं कधी धरतील?”

“बरीच वर्षं लागतील.”

“चालेल,” ती म्हणाली, आणि कुंडी शोधू लागली.