साक्षीदार गप्प

जरा जवळ सरका. मोठ्याने बोलायची माझी सवय केव्हाच गेली आहे.

काम तसं साधंच होतं. कम्युनिस्ट हुडकून काढायला नेमलेल्या चौकशी समितीत मी लघुलेखिका होते. साक्ष टिपायची, तीन प्रतींत टाइप करायची आणि सहीआधी साक्षीदाराला वाचून दाखवायची. कागदांवर आधीच क्रमांक आणि शिक्के असत, त्यामुळे एकही पान बदलायची सोय नव्हती.

तो साक्षीदार म्हणजे छापखान्यातला म्हातारा मुद्रितशोधक. "वाचनमंडळात आणखी कोण यायचं?" असं त्याला सतरा वेळा विचारलं. त्याने तोंड उघडलं नाही. दर वेळी प्रश्नाखाली मी 'साक्षीदार गप्प' असं टिपत गेले. एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि कोरडं खोकला. त्या मंडळात दोन वर्षं मी जात होते. माझा दादा बिचारा मला न्यायला दारापर्यंत यायचा, तेवढंच.

सही करण्याआधीच म्हातारा वारला. पण नियम म्हणजे नियम. अध्यक्ष म्हणाले, "बाई, खुर्चीला वाचून दाखवा. फाइल तर बंद व्हायला हवी."

भर दुपारी, दाराला आतून कडी लावून, मी रिकाम्या खुर्चीसमोर वाचायला बसले. खोलीत आम्ही दोघंच, अध्यक्ष पलीकडच्या टेबलावर मान खाली घालून फाइली चाळत होते. भिंतीला कान असतात म्हणे, इथे खुर्चीलाही होते! मला हसूच येत होतं.

नवव्या पानावर मात्र मी थांबले. प्रश्न तोच, पण खाली 'साक्षीदार गप्प' नव्हतं. दादाचं नाव होतं, आडनावासकट. म्हातारा हे बोललाच नव्हता. त्याने पाहिलं तेव्हा मी घाबरले होते, आणि माझ्या हाताने मला वाचवायला भावाला पुढे केलं होतं. टाइप करतानाही ते लक्षात आलं नाही. दादाची शाळेतली नोकरी, पदरी दोन लेकरं. एवढ्याशा ओळीवर माणसं देशोधडीला लागलेली मी पाहिली होती. मला माझीच शिसारी आली.

"थांबलात का?" अध्यक्षांनी फाइलीतूनच विचारलं.

"नाही साहेब... साक्षीदार गप्प," मी खोटंच वाचलं.

खुर्चीतून कोरडा खोकला आला. छापखान्याच्या शाईचा वास खोलीभर पसरला.

"कोण आहे?" अध्यक्षांनी मान वर केली.

"कोणी नाही... आपण दोघंच..."

मी पानाकडे पाहिलं. दादाच्या नावावर लाल रेघ होती, समासात खोडल्याची सुबक खूण. मला रडूच फुटलं. म्हाताऱ्याने दादाला सोडवलं होतं.

पण मुद्रितशोधक चूक नुसती खोडत नाही, शेजारी बरोबर काय तेही लिहितो. तिथे बारीक अक्षरात माझं नाव होतं.

खालची प्रत पाहिली, तिच्याखालची पाहिली. तिन्हींवर तेच. ओली शाई माझ्या अंगठ्याला लागली.

"झालं ना? आणा इकडे," अध्यक्षांनी हात पुढे केला. "सहीची जागा कोरीच ठेवलीत ना?"

मी शेवटचं पान उलटलं. ती कोरी नव्हती.