बिनकाट्यांचं घड्याळ

कासारवाडी स्टेशनसमोरच्या भंगाराच्या दुकानात एकाच खोक्यावर दोन हात पडले. एक युसुफचा, दुसरा शमीमचा.

"मी आधी पाहिलं," ती म्हणाली.

"पण आधी उचललं मी." तो हसला. "टेलिफोन एक्स्चेंजचे जुने रिले आहेत हे, विजेवर चालणारे खटके. तुम्ही काय करणार यांचं?"

"घड्याळ. बिनकाट्यांचं. दर मिनिटाला आकडा फिरेल असं."

युसुफनं हात काढून घेतला. "न्या मग. पण चालू झालं की मला बघायचंय."

"नुसतं बघायला मिळणार नाही... हात काळे करावे लागतील."

ही एकोणऐंशी सालची गोष्ट. शमीम ही घड्याळं दुरुस्त करणाऱ्या रहिमानचाचांची लेक. चाचांना तिचा हा नाद मुळीच पटत नव्हता. "घड्याळाला काटे नकोत म्हणे! उद्या म्हणशील, माणसाला नाक नको!" पण दुकानातला कोपरा मात्र त्यांनी तिला दिला होता.

युसुफ पिंपरीच्या एका कंपनीत फिटर. गुरुवारी कंपनीला सुट्टी असली, की तो त्या कोपऱ्यात हजर. आकड्यांची चार चाकं त्यानं करून आणली. तारांची जोडणी सगळी तिची. सोल्डरच्या धुरावर ती हलकेच फुंकर मारायची, आणि त्याच्या हातातली तार हमखास हलायची.

"माझ्याकडे काय बघताय? तारेकडे बघा."

"तार कुठं पळून जातेय?"

तिचे कान लाल व्हायचे, पण सोल्डरचा थेंब नेमका जागेवर पडायचा.

एका गुरुवारी बारा एकोणसाठ झाले. खट्ट! आणि समोर आले तेरा.

"तीनतेरा वाजलेले ऐकले होते," युसुफ म्हणाला, "नुसते तेरा आज बघितले!"

ती हसली नाही. तीन आठवडे तिनं त्या चुकीचा पिच्छा पुरवला. शेवटी एक जादा रिले बसवला, आणि बारानंतर मुकाट एक वाजू लागला. त्या दिवशी चाचांनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि ते बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले.

मग कंपनीनं निगडीत कामगारांच्या छंदांचं प्रदर्शन भरवलं. युसुफनं अर्जात दोघांची नावं लिहिली. पण टेबलावरच्या चिठ्ठीवर नाव एकच होतं... युसुफचं.

"नियम आहे राव," व्यवस्था बघणारे सोपानराव म्हणाले. "कामगार, नाहीतर त्याच्या घरचं माणूस. या तुमच्या कोण? नातं सांगा, लगेच लिहितो."

युसुफनं शमीमकडे पाहिलं. "या माझ्या... होणाऱ्या—"

"कुणी नाही!" शमीम ताडकन म्हणाली. "घड्याळ मी केलंय. नाव माझं म्हणून लागेल, कुणाची कोण म्हणून नाही."

"मग घड्याळ ठेवता येणार नाही."

"नका ठेवू."

तिनं प्लग उपसला, घड्याळ पोटाशी धरलं आणि ती तडक बाहेर पडली. समोरच्या सायकलच्या दुकानातून तिनं स्टूल मागितलं, वीज मागितली. पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलं : 'हे घड्याळ शमीमनं बनवलं.' खट्ट... मिनिट सरलं. येणाराजाणारा थबकू लागला. बघता बघता आतली माणसंही बाहेर आली, खांद्यावर पोरं घेऊन.

गर्दीतून वाट काढत युसुफ आला. छातीवरचा प्रदर्शनाचा बिल्ला त्यानं काढून टाकला होता.

"रागावलात?"

"मग? मला न विचारताच होणारी-बिणारी करत होतात!"

"घड्याळ बाहेर काढतील म्हणून घाबरलो... पण खोटं नव्हतो बोलत. बरेच दिवस मनात..." तो अडखळला. "आता विचारू?"

सोपानराव फाटकात येऊन, कमरेवर हात ठेवून बघत होते. शमीमनं ओढणी खांद्यावर घट्ट ओढली.

"विचारा. पण मोठ्यानं. त्यांनाही ऐकू जाऊ दे."

युसुफनं घसा खाकरला आणि भर रस्त्यात, चारचौघांत विचारलं. गर्दी आणखी जवळ सरकली.

शमीमनं त्याच्याहून मोठ्यानं उत्तर दिलं, "हो!"